गच्चीवरचे उमेदवार

सरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचा, टेस्ट ट्यूब असायची. बुचासकट. लग्नाला जाऊ द्या, बँकेत जाऊ द्या, कुणाच्या दहाव्याला जाऊ द्या, टेस्ट ट्यूब बरोबर. कुणी म्हणालं, "सर, हे चूर्ण घेऊन बघा, गुडघ्याला लई भारी हाय," की सर त्यातलं चिमूटभर नळीत टाकणार, तांब्यातलं पाणी ओतणार, बूच लावून खडाखडा हलवणार आणि नळी उजेडाकडे धरून वरचा फेस किती टिकतो ते बघत बसणार. तोवर चूर्णवाल्याचं तोंड पडलेलं असायचं आणि जेवणाची पंगत उठलेली असायची.

मी त्यांची भाडेकरू. लातूरला क्लासेसच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर आणि त्या घराच्या गच्चीवर एक खोली. ती बघायला गेले तेव्हा भांडायच्या पूर्ण तयारीने गेले होते. एकटी मुलगी, आरोग्य हक्काच्या संघटनेत पूर्णवेळ. पूर्णवेळ म्हणजे पत्रकं लिहायची, ती वाटायची आणि ज्यांना वाटली त्यांच्याशी वाद घालायचा. आडनाव विचारून झालं की घरमालक पुढं काय विचारतात हे मला पाठ होतं आणि त्यावर काय सुनवायचं हेही. सरांनी आडनाव विचारलंच नाही. चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "भाजी धुतलेलं पाणी कुठं टाकता?"

"मोरीत."

त्यांनी शेजारी उभ्या बायकोकडे, म्हणजे काकूंकडे, अशा नजरेनं बघितलं, जणू मी खुनाची कबुली दिली होती.

"ते बंद करावं लागेल," सर म्हणाले. "बाकी तुमचं काय का चालेना."

मग नियम कळले. तांदळाचं पाणी पांढऱ्या बादलीत, भाजीचं निळ्या बादलीत, आणि ज्यात साबणाचा थेंब पडला ते संडासाकडे. चुकलं तर माफी नाही. आमच्या संघटनेत मी कडक म्हणून प्रसिद्ध होते. त्या दोन बादल्यांपुढे मी पहिल्या आठवड्यातच वाकले.

बादल्या ज्यांच्यासाठी होत्या ते सगळे माझ्या दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत पसरलेले होते. बंद पडलेल्या वॉशिंग मशीनच्या टबात ब्राह्मी, फुटक्या बेसिनात मंडूकपर्णी, रंगाच्या डब्यांत अश्वगंधा, तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत हळद. ब्राह्मीला पायाशी सतत ओल लागते. आणि आमच्या गल्लीत तर टँकर कधी येणार यावर बायका एकमेकींशी बोलायचं की नाही ते ठरवायच्या. अशा ठिकाणी या माणसानं चिखलात राहणारं रोप पाळलं होतं, तेही भाजीच्या पाण्यावर. सर एका कॉलेजात औषधी वनस्पती शिकवून निवृत्त झालेले. या झाडांतली कुठली द्रव्यं मेंदूच्या पेशींना वाचवू शकतात हा त्यांचा विषय, त्यांचा छंद आणि काकूंच्या भाषेत त्यांची सवत.

झाडांना ते झाडाच्या नावानं हाकच मारत नसत, आतल्या द्रव्याच्या नावानं मारत, ब्राह्मीला बॅकोसाइड, अश्वगंधेला विथॅनोलाइड. "बॅकोसाइड जरा पिवळं पडलंय बघ." "विथॅनोलाइडच्या डब्यात मुंग्या झाल्यात." जसं काही घरात बॅकोसाइड नावाचा थोरला आणि विथॅनोलाइड नावाचा धाकटा नांदतोय. आणि सगळ्यांना मिळून म्हणायचे, उमेदवार.

"उमेदवार का?" मी एकदा विचारलं.

"उभे सगळे आहेत. निवडून कुणी आलेलं नाही."

"म्हणजे?"

ही चूक मी पुन्हा केली नाही. सर टाकीच्या कठड्यावर बसले आणि ऊन उतरेपर्यंत बोलले. "बशीत मेंदूच्या पेशी वाढवतात. त्यांच्यावर आधी या पानाचा अर्क टाकायचा, मग काहीतरी घातक टाकायचं. अर्कवाल्या पेशी जरा जास्त तग धरतात. छान. पण ती बशी आहे. पुढं उंदीर. उंदराला वाट आठवते. छान. पण तो उंदीर आहे. पुढं माणूस. तिथं आमचं गाडं अडतं. पान पोटात गेल्यावर पोट त्याचं काय करतं ते नीट ठाऊक नाही. आणि मेंदूच्या दारात वॉचमन बसलेला. समोरच्या क्लासचा वॉचमन बघितलास? ओळखपत्र नसलं तर मालकाच्या भावालाही आत सोडत नाही. तसा."

"सर, एका शब्दात सांगा. उपयोग होतो की नाही?"

"होऊ शकतो."

हे 'शकतो' म्हणजे सर. दुसरं कुठलंही क्रियापद त्यांच्या तोंडून एकटं बाहेर पडत नसे, मागे 'शकतं' धावत यायचंच. नव्या जोडप्याला आशीर्वाद देताना मी त्यांना "सुखी होऊ शकता" असं म्हणताना ऐकलंय. नवरीची आई रडायला लागली होती. काकू त्याहून जुनी गोष्ट सांगायच्या, आणि ती सांगताना सर हमखास उठून गच्चीवर जायचे. "मला बघायला आले ना ग, तेव्हा चहापोहे झाले, माझ्या वडलांनी विचारलं, मुलगी पसंत हाय का? तर हे म्हणले, पसंत पडू शकते! वडील तिथंच उठून चालले होते. मीच आतून म्हणलं, राहू द्या, खोटं तर बोलना गेला."

काकू मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. बोर्डाच्या परीक्षेला त्या केंद्रावर आल्यात म्हटलं की खिडकीखाली चिठ्ठ्या घेऊन जमलेले मामा-काका चपला हातात घेऊन पळायचे, असं गल्लीतले लोक अजून सांगतात. मूळच्या उदगीरकडच्या, लहानपण कानडी बोलण्यात गेलेलं. एरवी शुद्ध बोलायच्या, मायेत आल्या की गावाकडचं, आणि फार रागावल्या की कानडी. सरांना कानडी येत नव्हती, त्यामुळे त्यांचा संसार सुखाचा झाला असावा. असू शकतो.

आता पत्रकाचं सांगते, कारण त्याचा राग माझा अजून गेलेला नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी परीक्षेच्या मोसमात स्मरणशक्तीची बाटली विकणारे टेबल लावून बसायचे. गावोगावहून पोटाला चिमटा काढून पोरांना इथं शिकायला पाठवणारे आई-बाप, त्यांच्या काळजीवर यांचा धंदा. बाटलीवर मेंदूचं चित्र, मेंदूतून वीज निघतेय. मी तिडिकीनं पत्रक लिहिलं: 'पालकांनो, जागे व्हा! ब्राह्मीच्या नावाखाली उघड लूट! या बाटलीने निश्चित काहीही होत नाही!' सर विषयातले जाणकार, म्हणून नजर टाकायला दिलं. परत आलं तेव्हा पेन्सिलीनं पहिला बळी 'निश्चित' या शब्दाचा गेला होता.

"काही होत नाही हे तुला कसं माहीत?"

"सर, ते चोर आहेत!"

"चोर असतील. पण बाटलीत काय आहे ते तू कुठं बघितलंस? निश्चित हा शब्द एकदा वापरला की परत घेता येत नाही, पुढारीण." मला ते पुढारीण म्हणायचे. "मी अजून वापरलेला नाही."

सरांनी सुधारलेलं पत्रक असं होतं: 'या बाटलीत ब्राह्मी असेलच असे नाही. असल्यास ती पुरेशी असेलच असे नाही. पुरेशी असल्यास तिच्यातील द्रव्य मेंदूपर्यंत पोचेलच असे नाही. पोचल्यास त्याचा परीक्षेच्या गुणांशी संबंध असेलच असे नाही.' खाली माझा 'जागे व्हा' तेवढा शिल्लक ठेवला होता. संघटनेतले मित्र म्हणाले, "हे पत्रक आहे की भाडेकरार?" आम्ही माझंच छापलं. सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बादल्या मात्र तपासत होते.

पण मग ते स्वतः गेले टेबलावर. मी म्हटलं, सुटलो, आता सरच याचा निकाल लावणार. सरांनी खिशातून टेस्ट ट्यूब काढली, बाटलीतलं चार थेंब औषध त्यात टाकलं, पाणी घालून हलवलं. फेस आला, टिकलाही. गर्दी जमलेली. सर प्रामाणिक माणूस, म्हणाले, "ब्राह्मीतल्या द्रव्याला फेस येतो. यालाही आलाय. म्हणजे यात ब्राह्मी असू शकते." त्यांना पुढं 'पण' म्हणायचं होतं. त्या 'पण'ची वाट कोण बघतो? विक्रेता टेबलावर चढला.

"बघा, बघा! सायन्सच्या सरांनी खुद्द तपासलं! फेस बघा फेस!"

दुसऱ्या दिवसापासून त्यानं स्वतःच एक काचेची बाटली ठेवली आणि येईल त्याला हलवून फेस दाखवायला लागला. मी सरांना ओढत नेलं. सर गर्दीसमोर उभं राहून म्हणाले, "अहो, फेस रिठ्यालाही येतो! रिठ्याची पूड घातली तरी अस्साच फेस येईल!"

विक्रेता बिलकुल डगमगला नाही. "मग काय झालं सर? रिठा बी डोक्यालाच लावतात की!"

सगळे हसले. सरही हसले. मी एकटी तिथं मुठी आवळून उभी. परत येताना म्हटलं, "सर, तुम्ही आयुष्यभर शकतो-शकतो करत बसलात आणि त्या शकतोचं त्यानं दुकान थाटलं. लोकांना हो किंवा नाही लागतं!"

"सबर कर," सर म्हणाले. "लोकांना काय लागतं आणि काय आहे, यात फरक असू शकतो."

तर असा हा माणूस. आणि याच माणसाच्या घरात काकू विसरायला लागल्या.

आधी भाजीत दोनदा मीठ पडायला लागलं. मग शाळेतल्या जुन्या मैत्रिणीचं नाव जिभेवर येईना. एकदा सकाळी मला चहा देता देता म्हणाल्या, "तू कुणाची ग?" आणि लगेच स्वतःच दचकल्या. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या सुरू केल्या, आणि हेही सांगितलं की गोळ्यांनी विसरण्याचा वेग थोडा कमी होईल, झालं तेवढं. सरांनी ऐकून घेतलं. घरी येऊन टेस्ट ट्यूब खिशातून काढली आणि धुवून परत खिशात ठेवली.

मग गल्लीनं तोंड सोडलं. गच्चीवर ब्राह्मीचं रान माजलंय आणि बायकोला पान देत नाही, हा कसला मास्तर! दूधवाला म्हणाला, शेजारचे निवृत्त तहसीलदार म्हणाले. धर्माबादहून सरांची बहीण आली, आम्ही सगळे तिला आत्या म्हणायचो, ती पिशवीत त्याच मेंदूवाल्या बाटल्या घेऊन आली.

"दादा, तुज्या डोक्यात काय भुस्सा हाय का? साऱ्या गावाला शिकवलास, आन् घरच्या बाईला एक पान देईना गेलास?"

"पुरावा कमी आहे," सर म्हणाले.

"पुरावा? आरं ती कोर्टात हाय का घरात हाय?"

मी जेवत होते. खरं तर मी सरांच्या बाजूनं बोलायला पाहिजे होतं, माझी सगळी पत्रकं त्याच बाजूची. पण तेवढ्यात काकूच बोलल्या. त्या दिवशी त्या अगदी लख्ख होत्या, मुख्याध्यापिका.

"मी एक विचारू? त्या पानानं फायदा होऊ शकतो असं तुम्हीच म्हणता ना?"

"शकतो. म्हणजे त्याचं असं आहे…"

"मग ते 'शकतो' मला द्या की. तुमचं 'होतो' येईपर्यंत मी तुम्हालाच, कोण पाहिजे, म्हणून विचारीन."

सर ताटावरून उठले आणि गच्चीवर गेले. आत्यानं बाटल्यांची पिशवी पायानं दिवाणाखाली सरकवली.

दुपारी माझ्या दारावर टकटक झाली. सर उभे. "पुढारीण, मदत पाहिजे."

त्यांनी डॉक्टरांना फोन करून विचारलं होतं, गोळ्यांबरोबर पानाची थोडी चटणी चालेल का. चालेल म्हणाले होते. पण सरांचा घोळ वेगळाच होता. "मी तिला पान दिलं तर मला सुधारणा दिसेल. मला ती पाहिजे आहे, म्हणून दिसेल. मी पोरांना हेच शिकवलंय की अशा माणसाच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही. तर चटणी तू करायची. काही आठवडे ब्राह्मीची, काही आठवडे मेथीची. कधी कुठली, ते तू ठरवायचं आणि मला सांगायचं नाही."

मी ताडकन म्हणाले, "काकूंना विचारलंत? की त्यांना उंदीर समजताय?"

सरांचे कान लाल झाले. आम्ही दोघं खाली गेलो आणि काकूंना सगळं सांगितलं. कधी पान मिळेल, कधी मेथी, आणि संध्याकाळी सर चार प्रश्न विचारतील.

"म्हणजे परीक्षाच की," काकू म्हणाल्या. "बसते मी. पण पेपर सोपा काढा."

मग ते नाटक सुरू झालं. मी गच्चीवर मिक्सरमध्ये चटणी वाटायची: कोथिंबीर, शेंगदाणे, मूठभर लसूण आणि त्या आठवड्याचं जे असेल ते. सर वाटी न्यायला यायचे ते नाकाला रुमाल बांधून, कारण ब्राह्मीचा वास ते झोपेतही ओळखतील. संध्याकाळच्या उजेडात तोंडाला फडकं बांधलेला एक म्हातारा हातात वाटी घेऊन जिना उतरायचा. समोरच्या होस्टेलची पोरं खिडकीत जमायला लागली. खाली काकू दिवाणावर बसलेल्या, समोर खुर्ची टाकून सर. चटणी-भाकरी खाऊन झाली की प्रश्न. आज भाजी कोणती केली? सकाळी कोण आलं होतं? काल आपण कुठं गेलो?

पहिल्या पहिल्यांदा उत्तरं चुकायची. चुकलं की सर "बरोबर, बरोबर, असू शकतं" म्हणायचे आणि त्यांचा खालचा ओठ दाताखाली जायचा. मी जिन्यात उभी असायचे, तिथून मला तेवढाच चेहरा दिसायचा. काकूंना तर समोरच दिसायचं.

आणि मग फरक पडला! खरंच पडला. काकूंची उत्तरं बरोबर यायला लागली. भाजी बरोबर, पाहुणे बरोबर. सर जिना दोन-दोन पायऱ्या चढायला लागले. एकदा मला म्हणाले, "किंचित फरक असू शकतो." दुसऱ्या माणसानं यासाठी वाजंत्री लावली असती. "हा आठवडा पानाचा असणार. म्हणजे असू शकतो. नाही नाही, सांगू नकोस!"

आठवडा मेथीचा होता.

मी बदल केला, पान दिलं. उत्तरं बरोबर. परत मेथी दिली. उत्तरं बरोबर. माझं डोकं फिरायची वेळ आली. गावभर ओरडून सांगत हिंडणारी मी, आणि माझ्याच घरमालकासमोर तोंड शिवून बसायचं! मेथीच्या आठवड्यात तो माणूस ब्राह्मीच्या टबाशी उभा राहून एकेका पानावरून बोट फिरवायचा. बघवायचं नाही.

मग एकदा चटणी लवकर वाटून ठेवून मी बैठकीला गेले, ती रद्द झाली आणि मी संध्याकाळीच घरी आले. पुढच्या दारापाशी कुणाची तरी गाडी लावलेली, म्हणून मागच्या बोळातून स्वयंपाकघराच्या बाजूनं आत शिरले. खोलीत सर खुर्चीवर, पाठ स्वयंपाकघराकडे. समोर काकू. आणि सरांच्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दारात, घरकाम करणाऱ्या शेवंताबाई, दोन्ही हातांनी डोक्यावर एक लांबलचक दोडका धरून उभ्या. प्रचारसभेत पक्षाचं चिन्ह धरतात तसा.

"आज भाजी कोणती?" सरांनी विचारलं.

"दोडका," काकू शांतपणे म्हणाल्या.

"वा! आणि सकाळी कोण आलं होतं?"

शेवंताबाईंनी दोडका खाली ठेवला, कमरेत वाकल्या, खांद्यावर काहीतरी जड घेतल्यासारखं केलं आणि दोन पावलं डुलत चालल्या.

"गॅसवाला," काकू म्हणाल्या.

"शेवंताबाई!" माझ्या तोंडून निघून गेलं.

सर वळले. शेवंताबाई नसलेलं सिलिंडर खांद्यावर घेऊन तशाच थिजल्या.

"मला काय बी म्हणू नका सर," त्या म्हणाल्या. "बाई म्हणल्या खूण कर, म्या केली. त्या हेडबाई, त्यांच्याम्होरं मी न्हाई कसं म्हणू?"

सरांनी त्या दोडक्याकडे बघितलं. मग काकूंना म्हणाले, "हे कधीपासून चाललंय?"

"ते मला आठवत न्हाई," काकू म्हणाल्या, आणि त्यांनाच हसू फुटलं. शेवंताबाई हसल्या. मीही.

"काकू, तुम्ही? कॉपी?" मी म्हणाले. "तुम्हाला बघून खिडकीखालचे मामे पळायचे!"

"काय करू मग? ह्यांचं तोंड बघवत न्हाई ग. उत्तर चुकलं की ओठ असा दाताखाली धरतेत." त्यांनी करून दाखवलं, हुबेहूब. "पोरगी नापास झाल्यावर बाप शाळेच्या दारात उभा राहतो ना, तसं. मी नापास व्हायलेय ते मला कळतंय. पण त्यांना रोज संध्याकाळी निकाल सांगायचा म्हणजे जिवावर येतंय. आन् मेथी कळते बरं मला. मेथीचं कडू लगेच जातंय, ते दुसरं जिभेवर बसून राहतंय."

सरांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. माझ्या मनात आलं, आता हा माणूस मोडणार. पण सर शेवंताबाईंकडे वळून अगदी सरकारी आवाजात म्हणाले, "बाई, हे केंद्र रद्द."

"मग पान बंद?" काकूंनी विचारलं.

"तुला पाहिजे का?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला. आधी विचारलं होतं ते, परीक्षेला बसशील का. दोन्ही एकच नाही. ह्यावर मी अख्खं पत्रक लिहू शकते आणि लिहीन.

"घाण लागतंय ते," काकू म्हणाल्या. "मेथी बी घाण आन् ते बी घाण. पण रोज संध्याकाळी माझ्यासमोर खुर्ची टाकून तुम्ही कवा बसलाव? त्या चटणीपायीच ना? ती बंद केली की चालले तुम्ही परत गच्चीवर, तुमच्या उमेदवारांकडं."

शेवंताबाईंनी दोडका उचलला आणि चिरायला घेतला.

"मेथी बंद," सर शेवटी म्हणाले. "पान राहू दे. खुर्चीही राहू दे."

"आन् प्रश्न?"

"प्रश्न नकोत."

"असं कसं," काकू म्हणाल्या. "प्रश्न आता मी विचारणार."

आणि तसंच झालं. दुसऱ्या दिवसापासून काकू विचारायच्या, "आज भाजी कोणती?" सर सांगायचे. थोड्या वेळानं काकू पुन्हा विचारायच्या, "आज भाजी कोणती?" सर पुन्हा सांगायचे, पहिल्यांदाच विचारल्यासारखं, आणि मागे 'शकतं' न लावता. आता मीच चटणी वाटायची गरज नव्हती, सर स्वतः वाटायचे, रुमालाशिवाय. त्यातली एक वाटी स्वतःसाठीही काढायचे. काकूंनी अट घातली होती, एकटीनं घाण खाणार नाही. कुठल्या आठवड्यात मी काय दिलं होतं ते त्यांनी मला कधी विचारलं नाही. मीच एकदा सांगायला गेले तर म्हणाले, "फुटलेल्या पेपरचा निकाल लावायचा नसतो, पुढारीण."

पुढं संघटनेनं मला नांदेडला पाठवलं. इथंही क्लासेस आहेत, इथंही त्याच बाटल्या आहेत, मेंदूतून आता दोन विजा निघतात. मी अजून पत्रकं लिहिते. संघटनेतली नवी पोरं तक्रार करतात की ताई, तुमच्या पत्रकात हल्ली 'शकतो' फार येतं, जोर राहत नाही. मी त्यांना मनापासून शिव्या घालते आणि शब्द तसाच ठेवते.

मध्यंतरी लातूरला गेले होते. गल्लीच्या तोंडाशी तो फेसवाला नव्हता, त्याच्या जागी दुसरा होता. दार काकूंनीच उघडलं.

"कोण पाहिजे?"

हे एक ना एक दिवस होणार हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "गच्चीवरची भाडेकरू." आतून सर आले, मला बघून म्हणाले, "ये, ये. पाणी कुठं टाकतेस हल्ली?" काकू आता बहुतेक कानडीच बोलतात, लहानपणाची. शेवंताबाई निलंग्याकडच्या, त्यांना थोडं समजतं. सर या वयात त्यांच्याकडून कानडी शिकतायत आणि शेवंताबाई त्यांना चुकलं की चमच्यानं टेबलावर ठोकतात.

संध्याकाळ झाली. खुर्ची तिथंच होती, दिवाणासमोर, फार जवळ. सरांनी दोन वाट्या आणल्या. एक घास भरवला. काकूंनी तोंड वाकडं केलं, अगदी पूर्वीसारखं, आणि वाटी सरांच्या हातासकट ढकलली.

"बेड."

"नको म्हणतेय," सरांनी मला सांगितलं. चेहरा असा, की बोर्डात पहिली आलीय. "बघितलंस? विचारून बघ पाहिजे तर. ही चटणी हिला निश्चित आवडत नाही."

मी पर्समधून पेन्सिल काढली. "सर, तो शब्द खोडू?"

सरांनी काकूंची वाटी आपल्याकडे ओढली आणि त्यातली चटणी बोटानं चाटत म्हणाले, "राहू दे."